माशाच्या तेलातले मुरमुरे

"वास घेऊन बघा."

इतर माणसं आल्यागेल्याला पाणी विचारतात. हे गृहस्थ वास विचारायचे. शर्टाच्या खिशातून औषधाची एक बुटकी बाटली काढायची, अंगठ्यानं बूच उडवायचं आणि बाटली समोरच्याच्या नाकाखाली धरायची. समोरचा नको म्हणायच्या आत वास पोचलेला असायचा. मग ते अगदी मनापासून विचारायचे, "कसा आहे?"

कसा असणार? शार्क माशाच्या यकृताचं तेल, तेही उन्हात ठेवून मुरवलेलं. आधीच सांगून टाकते, मला किळस फार लवकर येते. माझ्या घरात ओटा पुसायचं फडकं वेगळं, टेबलाचं वेगळं आणि दोन्ही कुठल्या खिळ्याला टांगायची तेही ठरलेलं. पण बडोद्याच्या आमच्या निसर्गमंडळाची मी सेक्रेटरी होते, आणि मंडळात येणाऱ्याला वासावरून परत पाठवायचं असा नियम घटनेत नव्हता. नंतर घालावासा वाटला, ती गोष्ट निराळी.

ते पहिल्यांदा आले ते निजामपुऱ्यात, माझ्याच बैठकीच्या खोलीत. विश्वामित्रीकाठच्या पक्ष्यांच्या स्लाइड दाखवून झाल्या होत्या. चहा फिरत होता. मागच्या खुर्चीतून प्रश्न आला, "समुद्रावरच्या पाखरांचं मंडळ काय करतं?"

"बडोद्याला समुद्र नाही," मी म्हणाले.

"सिंहही नाहीत. तरी दर वर्षी गीरला बस नेता की तुम्ही."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला राग आला. तेवढ्यात बाटली निघाली. शेजारी बसलेल्या एका गुजराती बाईंनी बशी खाली ठेवली आणि सोफ्याखाली वाकून पाहायला लागल्या. "कंईक मरी गयुं छे के शुं?" त्यांना वाटलं, माझ्या सोफ्याखाली उंदीर मेलाय. माझ्या! त्या दिवशी मी खोली तीनदा पुसली, तरी पडद्याला दुसऱ्या दिवशीपर्यंत वास होता.

गृहस्थ मराठी होते. आजोबा गायकवाडी हिशेब खात्यात, वडील रेल्वेत, स्वतः कोयलीच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत अधिकारी. बोलणं घरचं मराठी, पण जिथे जोर द्यायचा तिथे गुजराती. राहायला वासण्याला, एका नीटनेटक्या सोसायटीत. तो काळ तुम्हाला आठवत असेल. जुने कारखाने बंद पडत होते आणि नव्या दुकानांच्या काचा चमकायला लागल्या होत्या. त्यांच्याही कारखान्यानं पन्नाशी ओलांडलेल्यांच्या हातात एकदाच काय ती रक्कम ठेवून नमस्कार केला. बाकीच्यांनी शेअर घेतले किंवा मुलाला अमेरिकेला पाठवलं. यांनी दुर्बीण घेतली.

समुद्राचं वेड कुठून आलं, तर तीही गोष्ट ओंगळच. एका वर्षी सौराष्ट्रावर मोठं वादळ आलं आणि त्याच्या तडाख्यात सापडलेलं एक करडं पाखरू वाहत वाहत पार कोयलीपर्यंत येऊन कारखान्याच्या आवारात पडलं. पेट्रेल म्हणतात ते. जन्मभर खोल समुद्रावर राहायचं, जमिनीवर यायचं ते फक्त अंडी घालायला, अशी जात. यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. पाखरानं मान वळवली आणि पोटातलं सगळं तेल यांच्या छातीवर ओकलं.

"त्यांचं ते शस्त्र असतं," ते सांगायचे. "शत्रू जवळ आला की ओकायचं. सेक्रेटरीबाई, मी बडोद्यात जन्मलो, समुद्र कधी धड पाहिला नव्हता. आणि त्या दिवशी अख्खा समुद्र माझ्यावर ओकला."

हे सांगताना त्यांचा चेहरा नवी मूर्ती घरी आणल्यासारखा होई. तो शर्ट त्यांनी धुऊ दिला नाही. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तो चिमट्यानं उचलून भंगारवाल्याला दिला. भंगारवाल्यानं घेतला नाही.

वहिनींबद्दल सांगायला हवं. अत्यंत स्वच्छ बाई. घरात कांदासुद्धा बेतानं. त्या मला म्हणायच्या, "माहेरी गेले की भावजया विचारतात, वन्सं, अत्तर कुठलं लावता हो? हसतात मेल्या." पण नवऱ्याला तोडून बोलायच्या नाहीत. फक्त तो बाहेरून आला की दारातच, "आधी हात दाखवा" म्हणायच्या, लहान मुलाला म्हणावं तसं.

ह्या समुद्री पाखरांना वास घेता येतो. हेच त्या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान होतं. साध्या पाखरांना फारसा येत नाही, पण पेट्रेलच्या जातीला कोसांवरून माशाच्या तेलाचा माग लागतो. पाण्यावर तेल टाकायचं, त्याचा पातळ तवंग पसरू द्यायचा, आणि थांबायचं. परदेशात छोट्या जहाजांवरून लोक असंच करतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तिकडे म्हणे तेलाबरोबर मक्याच्या लाह्या टाकतात, तरंगतात म्हणून. यांनी गुजरातचा तोडगा काढला: मुरमुरे. सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, रिकामा पत्र्याचा डबा, त्यात मुरमुरे, त्यावर शार्कचं तेल आणि बाजारातून आणलेली माशांची आतडी. झाकण लावून गच्चीत उन्हात. चार दिवसांनी लाकडी काठीनं ढवळायचं. मी एकदा ते ढवळताना पाहिलं. वर पिवळसर फेस, फेसात फुगलेले मुरमुरे आणि ते बुडबुडे फुटताना येणारा आवाज. त्यानंतर माझ्या घरात वर्षभर भेळ झाली नाही.

वासण्याची ती सोसायटी शाकाहारी. चेअरमन सकाळी गच्चीत प्राणायाम करायला चढले, त्यांनी पहिला श्वास पूर्ण आत घेतला आणि दुसरा घेतलाच नाही. खाली येऊन त्यांनी बेल दाबली.

"भाई, आ शुं छे उपर?"

"मुरमुरे," यांनी खरं तेच सांगितलं.

"मुरमुरे आवा गंधाय?"

"वास घेऊन बघा," म्हणून हे बाटली आणायला आत वळले. वहिनी मध्ये पडल्या म्हणून निभावलं. डबा गच्चीवरून स्कूटरवर आला, आणि स्कूटरवरून, मंडळाची मालमत्ता म्हणून, माझ्या गॅरेजमध्ये ठेवावा असं त्यांनी सुचवलं. मी एका वाक्यात नाही म्हणाले. त्या वाक्यात शब्दही एकच होता.

त्यांना स्वतःला किळस कशाचीच येत नसे, असं मात्र नाही. एका गोष्टीची यायची, आणि ती अशी यायची की बघणारा घाबरावा. मंडळाची सहल घेऊन आम्ही एकदा सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर गेलो होतो. दिवाळीनंतर थंडीचे कुरव तिथे हजारांनी उतरतात, म्हणजे ते पांढरे-करडे सीगल. आणि लोक त्यांना गाठिया घालतात. तुम्हीही पाहिलं असेल. जेट्टीवर गाठियाची पाकिटं विकायला माणसं बसलेली असतात, बायाबापड्या मुठी भरभरून उधळतात, कुरव कल्ला करत झेपावतात, फोटो निघतात आणि पुण्यही लागतं. एक जाडजूड बाई पोराला कडेवर घेऊन असंच उधळत होत्या. हे गृहस्थ सरळ गेले आणि त्यांच्या हातातलं पाकीट काढून घेतलं.

"माजी, आ पुण्य नथी. आ जुलाब छे."

"हें?"

"तळलेलं बेसन, सोडा आणि मीठ. मासे खाणाऱ्या पाखराला! तुमच्या नातवाला रोज तीन वेळा रॉकेल पाजाल का?"

बाईंनी पोर खाली ठेवलं आणि यांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. बसमध्ये परत आल्यावरसुद्धा यांनी ते पाकीट मुठीत चुरगाळून धरलं होतं. "घाण," ते म्हणाले. "सेक्रेटरीबाई, ह्याला म्हणतात घाण. आपण लोक समुद्राला भिकारी करून सोडू." माझ्या नाकाला तेव्हा फक्त त्यांच्या पिशवीतल्या बाटलीचा वास येत होता, म्हणून मी खिडकी उघडली.

मग ते जहाज आलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका नव्या कंपनीनं वेरावळहून एक छोटं जहाज सुरू करायचं ठरवलं. पाचपन्नास पाहुणे मावतील एवढं, पांढरं, केबिनमध्ये एसी. दोन रात्री समुद्रावर, कधी डॉल्फिन, कधी पक्षी, वर शुद्ध शाकाहारी जेवण. पर्यटकांना पाखरं दाखवून त्यांची माहिती सांगणारा माणूस त्यांना कायमचा हवा होता. त्यांनी आमच्या मंडळाला विचारलं, आणि मंडळात असा माणूस एकच होता. ठरलं असं, की एक चाचणीची फेरी काढायची. निम्मे पाहुणे कंपनीचे, निम्मे आमचे. पाहुणे खूश झाले तर यांची नेमणूक, प्रत्येक हंगामाला, प्रत्येक फेरीला.

यात काय पणाला लागलं होतं ते वहिनींनी मला पिशव्या भरता भरता सांगितलं. "माझा भाऊ कधीचा बोलावतोय दुकानात. यांनी शब्द दिलाय. जहाजाची नोकरी मिळाली तर समुद्रावर काय घालायचा तो गोंधळ घाला. नाही मिळाली तर डबा बंद, बाटली बंद, निमूटपणे दुकानात बसायचं. मला या वयात सोसायटी सोडायची नाहीये हो."

"आणि ते हो म्हणाले?"

"म्हणाले, मिळेलच."

सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. बस, केबिनची वाटणी, उलटीच्या गोळ्या, पिशव्या, जास्तीच्या पिशव्या. डबा बसच्या टपावर, प्लास्टिकमध्ये तिहेरी बांधून, सगळ्यांच्या सामानापासून दूर. यांना कंपनीनं पांढरा टी-शर्ट आणि टोपी दिली होती. ते घालून वेरावळच्या जेट्टीवर उभे राहिले तेव्हा खरंच बरे दिसत होते. ती जेट्टी मात्र! सुकत घातलेले मासे, काळं पाणी, त्यावर डिझेलचे रंग, त्यात गुटख्याच्या पुड्या. मी रुमाल नाकाला लावला तो जहाजावर चढेपर्यंत काढला नाही. गृहस्थ छाती भरून श्वास घेत होते.

जहाजाचा मॅनेजर तरुण, तुळतुळीत, मुंबईत शिकून आलेला. सगळ्या पुरुषांना अंकल म्हणायचा. "अंकल, एकही बात. गेस्ट को मजा आना चाहिए."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता वरच्या डेकवर मांडला होता. वणेला म्हणजे हातानं वळलेला गाठिया, कच्च्या पपईचा परतलेला कीस, ज्याला संभारो म्हणतात, तळलेल्या मिरच्या, जिलबी. जहाज डोलत होतं, मी कोरडी बिस्किटं घेऊन कठड्याजवळ बसले होते. किनारा दिसेनासा झाला होता, तरी कुरव मागे होतेच. मॅनेजरनं हसत हसत एक मूठ गाठिया हवेत फेकला. झालं. पाहुण्यांनी बशाच्या बशा उधळायला सुरुवात केली. कुरवांचा किंचाळता ढग जहाजावर आला. टाळ्या, शिट्ट्या, "पप्पा, मारो फोटो!" डेकवर पिवळा चुरा, त्यावर पाखरांची शिट, त्यावर चपला. एक गृहस्थ एका हातानं खात होते आणि त्याच हातानं फेकत होते.

मॅनेजरनं माइक यांच्या हातात दिला. "बोलिये अंकल. मस्त मूड है."

मी यांच्याकडे पाहत होते. चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी माइक घेतला. वहिनींना दिलेला शब्द आठवला असावा. गुजरातीतून त्यांनी छान सुरुवात केली, हे कुरव कुठून येतात, किती लांबून येतात. एक अक्षर वाकडं बोलले नाहीत. मला हायसं वाटलं. पाच मिनिटं असंच चाललं असतं तर नोकरी पक्की होती.

आणि मग पाण्याला लागून एक गडद, भरदार पाखरू आलं.

यांचं वाक्य अर्धवट राहिलं. "स्कुआ," ते म्हणाले. मग माइकमध्ये ओरडलेच, "स्कुआ! हलू नका! कोई हलशो नहीं!"

स्कुआ हा समुद्रावरचा दरोडेखोर. स्वतः मासे मारायचे कष्ट घेत नाही. दुसऱ्या पाखराच्या मागे लागतो, पंख ओढतो, त्याला इतकं छळतो की ते पोटातलं ओकून टाकतं, आणि ते ओकलेलं हा खातो. हे मला नंतर सविस्तर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की तो काळा पक्षी एका कुरवाच्या शेपटीला लागलाय आणि दोघं जहाजावरून गरागरा फिरताहेत. पाहुणे श्वास रोखून बघत होते. कुरव वळला, खाली आला, नाश्त्याच्या टेबलांवरून गेला, आणि ओकला.

गाठिया. ओला, फुगलेला, पिवळा गाठिया. निम्मा वाटेतच स्कुआनं झेलला. उरलेला एका बाईंच्या संभाऱ्यात पडला.

"उलटी करी!" हे माइकमध्ये नाचत होते. "जुओ, जुओ! केवी सरस उलटी करी! तुम्ही घातलं ते त्यानं खाल्लं, त्यानं ओकलं ते हा खाणार! गिळलं! बघा, गिळलं!"

त्या बाईंनी एकदा बशीकडे पाहिलं आणि त्यांना भडभडून आलं. त्यांच्याकडे बघून शेजारच्यांना. मग पलीकडच्या टेबलाला. तुम्ही कधी एका डेकवर इतकी माणसं एका पाठोपाठ एक ओकताना पाहिली आहेत का? पाहू नका. मी पिशव्या वाटायला धावले, निम्म्यापर्यंत पोचले आणि उरलेल्यांतली एक मला स्वतःलाच लागली. जिलबीच्या पाकात काय काय मिसळलं ते सांगत नाही. वर कुरव अजून फिरतच होते आणि खाली जे सांडलं होतं त्यावरही झेपावत होते. तेव्हा मात्र मी डोळे मिटून घेतले.

डेक धुऊन झाल्यावर मॅनेजर आला. आवाज अजून गोडच. "अंकल, आपको बर्ड बोलना था. उलटी नहीं बोलना था."

"पण ती उलटीच होती," हे म्हणाले.

"ठीक है. हो गया. शाम को फिर गाठिया करेंगे, आप माइक पे सॉरी बोल देना, दो जोक बोल देना. और वो डब्बा..." त्यानं नाक मुरडलं. "वो खुलेगा नहीं. बस. बाकी जॉब आपका."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते. मी यांना तसं सांगितलंही. दुपार होत आली होती, जहाज खोल पाण्यावर पोचलं होतं, पाण्याचा रंग निळ्याहून काळ्याकडे गेला होता. मागच्या डेकवर हे डबा दोन्ही गुडघ्यांत धरून बसले होते.

"हे एवढं खोल पाणी," ते म्हणाले. "इथे मी परत कधी येणार?"

"सॉरी म्हणा, म्हणजे दर आठवड्याला याल."

"येईन. गाठिया घेऊन."

"अहो, वहिनींना शब्द दिलाय तुम्ही."

"तो पाळीन ना. दुकानात बसेन." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी झाकणाखाली चमचा घालून ते उचकटलं.

त्या वासाचं वर्णन करायला मला जमणार नाही आणि करायचंही नाही. वरच्या डेकवरून कुणीतरी "एऽऽ" असं ओरडलं. खिडक्या धडाधड बंद झाल्या. मॅनेजर जिन्याच्या अर्ध्यापर्यंत आला, त्यानं यांच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि परत गेला. नोकरी त्या जिन्यावरून वर गेली, हे आम्हा दोघांनाही कळलं.

हे वाकून मुठीमुठीनं मुरमुरे पाण्यात सोडत राहिले. कोपरापर्यंत तेल. जहाजाच्या मागे पाण्यावर गुळगुळीत पट्टा पसरत गेला, लाटा त्याच्याखाली दबून चालल्यासारख्या दिसायला लागल्या. बराच वेळ काहीही नाही. मी उठून जायला हवं होतं. रुमाल दुहेरी करून बसून राहिले, का ते माहीत नाही. बहुधा या माणसाला एकटं सोडायचं नाही, हे मी त्या दिवशीचं एक काम समजले होते.

आधी वाटलं, पाण्यावर काळे ठिपके आहेत, घाणच असेल. मग ठिपके हलले. पाकोळीएवढी पाखरं, काळी, कमरेला पांढरा पट्टा. लांब काटकुळे पाय खाली सोडून ती पाण्यावर टपटप पावलं टाकत होती, जसं एखादं पोर तापलेल्या फरशीवरून जातं. एक मुरमुरा उचलायचा, दोन पावलं, पुन्हा उचलायचा. पेट्रेलचीच ही छोटी जात, वादळी पाखरू म्हणतात त्यांना. अथांग पाण्यावर एवढासा जीव, आणि तो आमच्या ह्या नरकाच्या वासावर विश्वास ठेवून कुठून कुठून आला होता.

मी गृहस्थांकडे पाहिलं. आता ते ओरडतील, मला वास घ्यायला लावतील, असं वाटलं. ते पाण्याकडेच वाकलेले होते. मूठ सोडत होते, बघत होते, मूठ सोडत होते. रुमाल नाकावर घट्ट होता आणि माझी नजर हलत नव्हती.

बडोद्याला परतल्यावर त्यांनी शब्द पाळला. वहिनींच्या भावाचं निजामपुऱ्यात बाथरूमच्या टाइल्सचं आणि बेसिनांचं दुकान होतं. त्या काळात बडोद्यात जो तो जुनी न्हाणीघरं फोडून नवी करत होता, धंदा तेजीत होता. मी एकदा नळ बदलायचा म्हणून गेले. काचेचं दार, आत एसी, मोगऱ्याच्या वासाचा फवारा. हे इस्त्रीच्या शर्टात, केस चापून, एका गुलाबी कमोडशेजारी उभे होते.

"या सेक्रेटरीबाई. काय दाखवू?"

हातांना साबणाचा वास होता. इतकी स्वच्छ किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. नळ न घेताच मी परत आले.

ते जहाजही फार चाललं नाही. दोन हंगामांनी कंपनीनं ते दुसरीकडे विकलं. मी बातमी सांगायला गेले तर हे म्हणाले, "असं का," आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मग एके दिवशी वहिनी घरी आल्या, हातात गुजराती पेपरची घडी. वेरावळच्या एका मासळीच्या कारखान्याला प्रयोगशाळेत अनुभवी माणूस हवा होता. माशांची भुकटी आणि तेल तपासायला.

"अर्ज तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. "नोकरी लागल्यावर कधी तो कागद हाती पडला तर माझं अक्षर यांना ओळखू येईल."

"वहिनी, वास..."

"मला वास सोसत नाही, यांना बिनवासाचं सोसत नाही. रात्री उठून बसतात हो, नुसते. मी इथेच राहीन. महिन्यातून एकदा येतील. मागच्या नळावर आंघोळ, मग घरात."

असे ते वेरावळचे झाले. कांदा बेतानं खाणाऱ्या घरातला माणूस, मासे सुकवायच्या अंगणाला लागून एका खोलीत. सुटीच्या दिवशी ट्रॉलरवाले त्यांना फुकट नेत. बदल्यात जाळं निवडून झालं की उरलेली घाण समुद्रात टाकायचं काम हे स्वतःहून करत. तीच पाखरांना हवी असते. सात-आठ वर्षं असं चाललं. मग एका पावसाळ्यात छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि तिथेच गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात. वहिनींना एकटीला जायचं नव्हतं म्हणून मी सोबत गेले होते. आम्ही जेट्टीवर पोचलो तेव्हा ट्रॉलर सुटायच्या बेतात होता. जेट्टी पहिल्यापेक्षा घाण झाली होती. पायाखाली खवले, मेलेली मांजर, प्लास्टिकचा चिखल. मी रुमाल लावला, वहिनींनी पदर. हे मागच्या टोकाला एका टबावर वाकलेले होते. आम्हाला पाहिलं, हसले, काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही. ट्रॉलर हलला. हात हलवायला त्यांचे हात मोकळे नव्हते, दोन्ही कोपरापर्यंत टबात होते. त्यांच्या डोक्यावर आधी एक, मग पाच-सहा, मग मोजता येईनात इतकी पाखरं जमली.

वहिनींनी पदर नाकावरून काढला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "कानाला बांधा होऽऽ, वारं आहे!"

ट्रॉलर धक्क्याबाहेर पडून ठिपका होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. पदर त्यांनी परत नाकाला लावला नाही. मी रुमाल काढला नाही.